एकतीस टक्के मामा

मामांची प्रक्रियाक्षमता एकतीस टक्के आहे, असं मी लेखी दिलेलं आहे. खाली माझी सही आहे, सहीखाली तारीख आहे, आणि तो कागद प्रशिक्षण विभागाच्या करड्या कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात अजून पडून आहे. तीस का नाही आणि बत्तीस का नाही, असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय तोंड दाखवणार होते देव जाणे. पण कुणी विचारलं नाही. आकडा दिसला की लोक माना डोलावतात आणि कागद पुढे सरकवतात.

मामा माझे कुणी सख्खे मामा नव्हेत. प्लास्टिकच्या पाइपांचे जोड, कोपरे, झाकणं असला माल काढणाऱ्या त्या कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला दारावरचा रखवालदारसुद्धा. सत्तावीस वर्षं ते मशीनवर सेटर होते. सेटर म्हणजे मशीनची गरमी, दाब आणि वेळ ठरवणारा माणूस. प्लास्टिकचा दाणा वितळतो, साच्यात शिरतो, थंड होतो, बाहेर पडतो. यातलं काय किती, हे तो सांगणार. बुटकी मूर्ती, डाव्या हातावर कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग, आणि चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. मशीनला हात लावण्याआधी पोत्यातला मूठभर दाणा घ्यायचा, तळहातावर पसरायचा, नाकाशी न्यायचा, मग उगाच मान हलवायची. चार नंबरचं मशीन खास त्यांचं. ते इतकं लहरी होतं, की दुसरा सेटर त्याच्यापुढे उभा राहिला की पहिल्या पन्नास मालांतले चाळीस बाद जायचे.

बोलण्याच्या बाबतीत मामा स्वतःच्या भाषेतही चिक्कूच. मामी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली होती, "मला बघायला आले तेव्हा हे एकूण चार शब्द बोलले. त्यातले दोन 'पाणी' होते."

अशा माणसाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परकी भाषा शिकवायला मला नेमलं होतं.

झालं होतं असं, की कारखाना विकला गेला. नवे मालक दूरच्या देशातले. मशीनच्या पडद्यांवर त्यांची भाषा आली, पत्रं त्यांच्या भाषेत यायला लागली, आणि एके दिवशी फलकावर सूचना लागली: बारा आठवड्यांत जो सेटर मालकांच्या भाषेची तोंडी परीक्षा पास होणार नाही, त्याला सेटर म्हणून ठेवता येणार नाही. त्याने छाननीच्या टेबलावर बसायचं. छाननीचं टेबल म्हणजे कोपऱ्यातल्या दिव्याखालचं लांब फळकूट. तिथे बसून मालाच्या कडेला आलेली पातळ पापडी सुरीने कापायची आणि वाकडे माल टोपलीत टाकायचे. काम हलकं होतं, पण तिथून चार नंबर समोरच दिसायचं. तिथे बसून दुसऱ्या कुणाला ते चालवताना बघायचं, ही कल्पनाच मामांना सहन होण्यासारखी नव्हती.

ही सूचना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते प्रशिक्षणसाहेब. त्यांच्याविषयी मी शांतपणे लिहायचं ठरवलं आहे, पण जमेल असं वाटत नाही. गुळगुळीत दाढी, खिशाला तीन पेनं, आणि तिन्ही पेनं दुसऱ्याकडून काहीतरी भरून घेण्यासाठी. ते कुठल्याशा दोन दिवसांच्या परिषदेला गेले होते. तिथे एका वक्त्याने एक गोष्ट सांगितली, जी मी माझ्या अभ्यासक्रमात फार आधी शिकले होते. प्लास्टिक घडवणारे 'प्रक्रियाक्षमता' म्हणतात, तसंच काहीसं नवी भाषा शिकणाऱ्या डोक्याचंही असतं. कुठलाही माल वाटेल तसा वाटेल तेव्हा घडत नाही, त्याची त्याची तयारी व्हावी लागते. डोकंही पायरी-पायरीने चढतं. आधी सुटे शब्द, मग शब्दाला शब्द, मग कुठे लहानसं वाक्य. आणि मधली पायरी गाळून वरची शिकवली तर माणूस ती पाठ म्हणून दाखवतो, पण ती त्याची होत नाही. भाषण इथवर आलं तेव्हा साहेब बहुधा चहाला गेले असावेत. कारण परत येताना त्यांनी त्यातला फक्त एक शब्द आणला, आणि त्या शब्दाचा तक्ता केला.

'प्रक्रियाक्षमता मापन तक्ता.' कामगाराचं नाव, वय, विभाग, आणि चौदा रकाने. प्रत्येक रकान्यात मी आकडा टाकायचा, खाली बेरीज, बेरजेला भागाकार, आणि निघाली टक्केवारी.

"बाई," साहेब मला म्हणाले, "माणूस घडवता येतो की नाही हे आता आपल्याला आधीच कळणार. वेळ वाचला की नाही?"

मी म्हणाले, "साहेब, त्या कल्पनेचा अर्थ असा नाही. कुणाला कधी काय शिकवायचं हे त्यातून ठरवायचं असतं. आता हे मामा सुट्या शब्दांवर आहेत. त्यांना पुढची पायरी—"

"पायऱ्या बियऱ्या ठीक आहेत हो. पण आपल्याकडे बारा आठवडे आहेत आणि पुस्तकात चोवीस धडे आहेत. आठवड्याला दोन. हिशेब सरळ आहे."

यावर मी काय केलं? मूग गिळून बसले. माझं काम कराराचं होतं, आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते साहेबांच्या तीन पेनांपैकी एक ठरवणार होतं.

वर्ग भरायचा कँटीनच्या वरच्या खोलीत. आधी तिथे खोकी ठेवायचे. भिंतीला अजून पुठ्ठ्याचा वास होता आणि खिडकी अर्धीच उघडायची. पहिली पाळी सुटली की अकरा सेटर हात धुऊन वर यायचे आणि लहान मुलांच्या मापाच्या बाकड्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. धडा पहिला होता 'माझी सुट्टी'. धडा दुसरा 'कार्यालयात येताना मी काय पाहिले'. सातव्यात हॉटेलात जेवण मागवायचं होतं, बाराव्यात विमानतळावर सामान हरवायचं होतं. दाणा, साचा, गरमी, दाब हे शब्द चोवीस धड्यांत मिळून एकदाही नव्हते.

मामा पहिल्या बाकावर बसत आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत, जशा ते नव्या पोत्यातल्या दाण्याकडे बघत. वही पहिल्या दिवसापासून व्यवस्थित. शब्द पटापट उचलायचे. दुसऱ्या आठवड्यात मशीनच्या पडद्यावरचे चाळीसेक शब्द त्यांनी स्वतःच उतरवून आणले आणि मला अर्थ विचारून घेतले. 'गरम', 'थांब', 'पुढे', 'जास्त', 'उघड'. चौथ्या आठवड्यात ते दोन शब्द जोडायला लागले. जिन्यात भेटले की मालकांच्या भाषेत म्हणायचे, "बाई उशीर." किंवा, "खिडकी बंद, गरम जास्त." (ती वाक्यं मी इथे आपल्या भाषेत सांगते आहे, मोडतोड मात्र त्यांचीच ठेवली आहे.) मला मनातून आनंद व्हायचा. हीच ती पायरी होती! आणखी महिनाभर त्यांना याच पायरीवर मोकळं सोडलं असतं, तर पुढची ते आपल्या पायांनी चढले असते.

पण चौथ्या आठवड्यात पुस्तक आठव्या धड्यावर होतं. 'जर मला आधी कळले असते तर मी छत्री आणली असती', असली लांबलचक वाक्यं मी त्यांच्या तोंडात कोंबत होते. आणि मामांचा घोटाळा व्हायला लागला. जे दोन शब्द नीट जोडत होते तेही अडखळायला लागले. घाम यायचा. एकदा तर खडू हातात घेऊन फळ्यापुढे नुसते उभे राहिले, आणि मागून कुणीतरी दात काढले. तो पाठीमागचा माणूस म्हणजे रेडिओ.

रेडिओ हा तीस-बत्तिशीचा गडी. माल पाठवण्याच्या खात्यातून नुकताच मशीनवर आलेला. टोपणनाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसं कळत होती. याला भाषा अशी यायची, की धडा वाचून व्हायच्या आत हा छत्री आणून, विसरून, परत मिळवूनही मोकळा. चुका कमी, आवाज गोड, हातवारे भरपूर. साहेबांनी त्याच्या तक्त्यात चौऱ्याण्णव टक्के लिहून घेतले आणि तो तक्ता फलकावर लावला.

याच सुमारास मी एकदा कामाच्या वेळेत खाली मशीनवर गेले. खरं तर मला मामांना विचारायचं होतं, की वर्गात इतके का गडबडता. पण भलतंच विचारलं गेलं.

"मामा, ते साहेब प्रक्रियाक्षमता म्हणतात, त्याला तुम्ही इथे काय म्हणता?"

"आम्ही म्हणतो, दाणा चालतो का." त्यांनी मूठभर पांढरा दाणा माझ्या हातावर ठेवला. "हा पीव्हीसी. याचा स्वभाव तापट. गरमी कमी ठेवलीत तर साचा अर्धाच भरतो. जरा जास्त झाली की करपतो. आणि गरमी बरोबर असली तरी आत बसवून ठेवायचा नाही याला. मशीन थांबलं की आधी बॅरल, म्हणजे ही तापणारी नळी, रिकामं करायचं, मग चहा, मग गप्पा. नाहीतर आतल्या आत काळा पडतो, धूर सोडतो, आणि माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला असा चिकटतो की छिन्नीने काढावा लागतो."

"आणि साचा भरत नसेल तर? दाब वाढवायचा?"

"घाईत लोक तेच करतात. मग साच्याच्या फटीतून बाहेर येतो. ती पापडी कापायला ते टेबल आहे." त्यांनी हनुवटीने छाननीच्या टेबलाकडे खूण केली आणि लगेच नजर काढून घेतली.

"मग वाईट दाणा ओळखायचा कसा?"

मामा पहिल्यांदाच हसले. "दाणा वाईट नसतो हो बाई. सेटिंग चुकतं. सेटर दाण्याला शिव्या देतो, कारण दाणा उलट बोलत नाही."

हे त्यांनी मला टोचून म्हटलं नव्हतं. तेवढा आडून बोलणारा तो माणूस नव्हे. पण माझे कान तापले, आणि तरी पुढच्या वर्गात मी नववा धडा काढलाच.

दहाव्या आठवड्यात मी हात टेकले आणि शिक्षकाने कधी करू नये ते केलं. परीक्षेत पहिला प्रश्न कायम 'सुट्टी कशी गेली?' हाच असतो, असं साहेबांनीच मला सांगितलं होतं. मी मामांना त्याचं उत्तर अख्खंच्या अख्खं लिहून दिलं आणि म्हटलं, घोका. "माझी सुट्टी अतिशय आनंदात गेली. आपण आवर्जून विचारलंत याबद्दल मी आभारी आहे. आपली कशी गेली?"

मामांनी कागद वाचला. "बाई, पण सत्तावीस वर्षांत मी सुट्टी घेतलीय कुठे?"

"ती वेगळी गोष्ट, मामा. तुम्ही फक्त म्हणा."

आणि त्यांनी म्हटलं. दाढी करताना म्हटलं, डबा खाताना म्हटलं, मशीन साफ करताना म्हटलं. मामी सांगत होती, की घरात कुणी काही विचारायची सोय राहिली नव्हती. 'भाजीला मीठ बरोबर आहे ना?' म्हटलं तरी हे सुट्टी आनंदात घालवून मोकळे होत. तिलाही पाठ झालं होतं. उच्चार तर तिचे जास्त चांगले होते.

परीक्षेच्या दिवशी साहेब टेबलामागे बसले, बाजूला मी. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि चष्म्याची दांडी नव्या तारेने बांधली होती. साहेबांना त्या दिवशी काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी दुसऱ्याच प्रश्नापासून सुरुवात केली. "आज कामावर येताना आपण रस्त्यात काय काय पाहिलंत?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला, आणि एकही चूक न करता, अगदी थांबायच्या जागी थांबून, म्हणाले की माझी सुट्टी अतिशय आनंदात गेली, आपण आवर्जून विचारलंत याबद्दल मी आभारी आहे, आपली कशी गेली?

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक पेन ठेवलं, दुसरं घेतलं आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. चौदा रकाने. मला ठाऊक होतं, की हा माणूस दोन शब्द जोडून जे बोलतो ते त्याचं स्वतःचं असतं, आणि रेडिओच्या चौऱ्याण्णवातले निम्मे पाठांतराचे आहेत. पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी आकडे भरले. बेरीज झाली, भागाकार झाला. एकतीस. मी सही केली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तरी हात काही थांबला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा छाननीच्या टेबलावर, आणि चार नंबरवर रेडिओ.

मामांनी तक्रार केली नाही. टेबलावर बसून सुरीने पापडी कापत राहिले. फक्त दर थोड्या वेळाने मान वर करून चार नंबरकडे बघायचे, आणि त्यांच्यापुढची टोपली बघता बघता भरायची, कारण रेडिओच्या हातून माल तसाच यायचा. रेडिओचंच काम मामा दिवसभर निस्तरत होते, आणि पापडी कापायचा वेग कमी आहे म्हणून साहेब त्यांना बोलत होते.

नवव्या दिवशी मालकांकडचे पाहुणे आले. कोट घातलेले दोघे. ते मशीनवाले नव्हते, विक्रीकडचे होते. म्हणजे त्यांना माल विकायचा कसा ते कळत होतं आणि होतो कसा ते बघायचं कुतूहल होतं. साहेब त्यांना थेट चार नंबरपाशी घेऊन आले. भाषांतराची गरज पडली तर असावी म्हणून मला मागे उभं केलं होतं. गरज कसली पडते! रेडिओने मशीन थांबवलं, दार उघडलं, साचा दाखवला आणि तोंड सोडलं. आमचा कारखाना, आमची शिस्त, आमची उमेद, जर मला आधी कळलं असतं तर. पाहुणे खूश झाले. त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं, त्याने विचारलं, त्यांनी सांगितलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. साहेबांचा चेहरा तर असा फुलला होता, की जणू रेडिओला त्यांनीच जन्म दिला असावा.

मशीन थांबलेलं होतं. बॅरल भरलेलं होतं. गरमी चालू होती.

मी हे आता लिहिते आहे. तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते मामांच्या. टेबलावरून सुरी ठेवल्याचा आवाज आला. ते उठले, नाक वर करून हवा हुंगली, आणि झपाझप आमच्याकडे यायला लागले. पाहुण्यांसमोर फक्त मालकांच्याच भाषेत बोलायचं, असा साहेबांचा सक्त हुकूम होता. मामांनी तोही पाळला. लांबूनच ओरडले, "गरम! थांबलं! काळा येणार! बाहेर काढ, आत्ता काढ!"

इतकं ते मालकांच्या भाषेत एका दमात कधीच बोलले नव्हते. त्यातलं 'काळा येणार' तर मी शिकवलेलंच नव्हतं. ते त्यांनी तिथल्या तिथे स्वतः बनवलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, चढला! हा माणूस पुढची पायरी चढला!

साहेबांनी पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसू काढलं, मग मामांकडे वळले आणि मालकांच्या भाषेत, प्रेमाने समजावल्यासारखं म्हणाले, "मामा, पूर्ण वाक्यात बोला."

 मामांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, खरोखर वाक्य जुळवायचा प्रयत्न केला. मी बघत होते. 'जर'पासून सुरुवात करत होते बिचारे. रेडिओ म्हणाला, "मामा, मी पाहुण्यांशी बोलतोय ना." मामांनी शेवटी मशीनच्या कळीकडे हात नेला, तर साहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

तेवढ्यात बॅरलच्या तोंडातून आधी पिवळा, मग तपकिरी, मग डांबरासारखा काळा लगदा फसफसला. धुराने डोळे चुरचुरायला लागले, घशात आंबट आग उठली. पाहुणे कोटाच्या बाह्या नाकाशी धरून दाराकडे पळाले. रेडिओचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडला. मामांनी वीज तोडली, पंखे चालू केले, सगळ्यांना बाहेर हाकललं. पण स्क्रू आत जळलेल्या मालात पक्का अडकला होता.

संध्याकाळी हुकूम निघाला. पाहुण्यांसमोर आवाज चढवल्याबद्दल मामांना एक आठवडा सक्तीची रजा. रेडिओला काही नाही. त्याने पाहुण्यांवर चांगली छाप पाडली होती.

चार नंबर बंद पडून राहिलं. दोन सेटरांनी स्क्रू काढायचा प्रयत्न केला, एकाने हातोडा चालवला, एकाने गरमी आणखी वाढवली आणि होतं तेही जाळलं. साहेबांना रोज मालकांची पत्रं यायला लागली, तीही पूर्ण वाक्यांत. सहाव्या दिवशी मालकांकडून इंजिनिअरबाई येऊन दाखल झाल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातावर अगदी मामांसारखेच चटके. त्यांनी मशीनला फेरी मारली आणि एकच विचारलं, "आधी हे कोण चालवत होतं?"

साहेबांनी मला मामांच्या घरी पिटाळलं.

मामा दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी बसून मामीचा मिक्सर दुरुस्त करत होते. मी निरोप सांगितला. मला वाटलं होतं, चिडतील, 'येत नाही' म्हणतील. मामी तर म्हणालीच, "जाऊ नका हो. येऊ दे तो साहेब पाया पडायला." मामांनी फक्त विचारलं, "हातोडा मारला का कुणी?" मी म्हटलं, मारला. ते कळवळले, आणि सदरा चढवून निघाले.

कारखान्याच्या दाराशी साहेब इंजिनिअरबाईंना घेऊन उभे होते. सहा दिवस त्यांना नीट झोप नसावी. दाढी पहिल्यांदाच वाढलेली दिसत होती. पण पाहुणी शेजारी, आणि आपल्या माणसाची तयारी तर दाखवायची. मग साहेबांना आठवलं, की या माणसाला एका प्रश्नाचं उत्तर अचूक येतं. ते मालकांच्या भाषेत, साखर पेरून म्हणाले, "या मामा, या! सुट्टी कशी गेली?"

मामा थांबले. चष्मा नीट केला. साहेबांच्या डोळ्यांत बघून, एकही चूक न करता, थांबायच्या जागी थांबून म्हणाले,

"माझी सुट्टी अतिशय आनंदात गेली. आपण आवर्जून विचारलंत याबद्दल मी आभारी आहे. आपली कशी गेली?"

ही 'सुट्टी' म्हणजे सक्तीची रजा, हे इंजिनिअरबाईंनी सकाळीच विचारून घेतलं होतं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की रखवालदार खोलीबाहेर आला. साहेब मात्र खिशातली पेनं चाचपत राहिले. त्यांच्या चोवीस धड्यांच्या पुस्तकात याचं उत्तर दिलेलं नव्हतं.

मग मामा आणि त्या बाई चार नंबरपाशी गेले, आणि पुढचे पाच तास मी जे ऐकलं तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला भाषेचा तास होता, आणि तो मी घेतला नव्हता. "गरम थोडं." "इथे?" "इथे. हळू." "आता ओढ?" "नाही, आधी पुढचं उघड." बाई मुद्दाम थोडक्या शब्दांत बोलत होत्या. मामा त्यांच्या बोलण्यातला एखादा तुकडा उचलून लगेच वापरत होते. पाचव्या तासाला मामा म्हणाले, "मी ओढतो, तुम्ही ढकला." बाईंनी ढकललं. स्क्रू सुटला.

जाताना इंजिनिअरबाई साहेबांना एवढंच म्हणाल्या, की या मशीनवर हाच माणूस राहील.

साहेबांनी मान डोलावली, पण कागदाशिवाय माणूस परत कसा बसवायचा? त्यांनी नवा तक्ता काढला. दाराशी म्हटलेली तीन पूर्ण वाक्यं धरून मामांना पास केलं, अठ्ठ्याहत्तर टक्के. म्हणजे ज्या घोकंपट्टीवर नापास, तिच्यावरच पास. सही परत माझीच. या वेळी मी म्हणाले, "साहेब, आकडा त्या पाच तासांचा टाका. ते मी ऐकलंय." साहेब म्हणाले, "त्याला रकाना नाही, बाई." मी सही केली. चार नंबर परत मिळत होतं, मी आणखी काय ताणणार होते.

तक्त्याच्या शेवटी एक नवीन ओळ होती: 'प्रशिक्षकाविषयी शिकणाऱ्याचं मत, मालकांच्या भाषेत.' यावरून माझा करार पुढे चालणार होता. साहेबांनी मामांपुढे पेन ठेवलं. मामांनी बराच विचार केला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि वाकड्यातिकड्या परक्या अक्षरांत पाच शब्द लिहिले.

साहेबांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "मामा, हे पूर्ण वाक्य नाही. बाई, जरा दुरुस्त करा."

मी कागद घेतला. लिहिलं होतं: 'बाई चांगला दाणा. सेटिंग चूक.'

 मी पेन बंद केलं आणि साहेबांना म्हणाले, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.